धुरी आणि सायकल

सोमवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. महदियाच्या सरकारी इस्पितळात, मागच्या अंगाला, एका लांबट खोलीत मोंजिया सायकलवर बसून पेडल मारत होती. सायकल जमिनीला बोल्टांनी घट्ट बसवलेली. जागची हलणारी नव्हती. तरीही मोंजियाने हँडल असे धरले होते की बोटांची पेरे पांढरी पडली होती. तिची सफसारी, बाहेर पडताना अंगाभोवती घ्यायची पांढरी चादर, शेजारच्या खुर्चीवर घडी करून ठेवली होती. उजव्या हाताच्या बोटाला एक चिमटा होता आणि त्याची वायर भिंतीवरच्या यंत्राला जोडलेली होती. यंत्रावर दोन आकडे दिसत. एक रक्तातल्या ऑक्सिजनचा, दुसरा नाडीचा. मोंजिया तिकडे बघत नसे. आपण बघितले की ते आकडे खाली येतील असे तिला वाटे.

"खाल्ती, ओठ," सिहेम म्हणाली.

सिहेम फिजिओथेरपिस्ट. तिशीची, याच गावची, शिकायला राजधानीत, ट्यूनिसला गेलेली आणि परत आलेली. आपल्या सगळ्या बायका-रुग्णांना ती खाल्ती म्हणे, मावशी. मोंजियाने शीळ घालताना करतात तसे ओठ केले आणि श्वास हळूहळू बाहेर सोडला. पहिल्या आठवड्यात तिला याची लाज वाटायची. समोरच्या सायकलवर एक परका पुरुष, अम् सदोक, म्हणजे सदोककाका, निवृत्त मच्छीमार, पोट हँडलला टेकवून पेडल मारत असे; त्याच्यासमोर बासष्ट वर्षांच्या विधवेने शीळ घालायची?

"लाजू नका, बहिणी," सदोक त्याच वेळी म्हणाला होता. "माझ्या छातीतून बोटीचा भोंगा वाजतो. तुमची शीळ कोणाला ऐकू जाणार?"

या खोलीत येणाऱ्या सगळ्यांची दुखणी दोन होती आणि ती एकमेकांना धरून होती. फुप्फुसे खराब, म्हणून हालचाल कमी. हालचाल कमी, म्हणून वजन जास्त. वजन जास्त, म्हणून धाप अधिक. सिहेमने सायकल निवडली होती ती याचसाठी. चालताना आपले वजन आपल्यालाच उचलावे लागते, सायकलवर ते आसन उचलते आणि पायांना कामच तेवढे उरते. सदोकची छाती सिगारेटींनी गेली होती. मोंजियाने आयुष्यात सिगारेट हातात धरली नव्हती. तिची छाती तबून्याने गेली. अंगणात जमिनीवर बसवलेली, वर तोंड असलेली ही मातीची भट्टी. ऑलिव्हच्या फांद्या आणि बदामाची टरफले पेटवायची, निखारे झाले की डोके आत घालून ओली भाकरी आतल्या भिंतीवर थापायची. मोंजिया हे लग्नाच्या आधीपासून करत आली होती. आता गेली दोन वर्षे तबून्यावर तिची नणंद दलेंदा बसे आणि गल्लीभराच्या भाकऱ्या भाजे. पण अंगण एकच होते.

"किती?" सिहेमने विचारले.

भिंतीवर एक तक्ता होता. शून्यापासून दहापर्यंत आकडे, प्रत्येकाशेजारी एक चेहरा. शून्याचा हसरा, दहाचा डोळे बाहेर आलेला, तोंड वासलेला. धाप किती लागली आहे ते रुग्णाने आकड्यात सांगायचे.

"पाच," मोंजिया म्हणाली.

"मागच्या वेळीही पाचच होतं."

"पाचच आहे, पोरी."

"म्हणजे अंगवळणी पडतंय तुमच्या. थोडा भार वाढवू या." सिहेमने बटण फिरवले.

पेडल जड झाले. थंडीत रात्रभर राहिलेल्या कणकेत मूठ घालावी तसे पाय रुतायला लागले. मोंजियाला हवा आत जाताना कळत होती, पण आत गेलेली हवा बाहेर यायला मागत नव्हती, आणि ती बाहेर आल्याशिवाय पुढची आत शिरत नव्हती. मानेच्या शिरा ताठल्या. हे ती ओळखत होती. हे कुठे जाऊन थांबते ते तिने आपल्या आईच्या बाबतीत पाहिले होते.

"किती, खाल्ती?"

"पाच."

आकडा खोटा होता. शुक्रवारी, जेव्हा पाय हलके होते आणि श्वास सुटा होता, तेव्हाही तिने पाचच सांगितले होते आणि तेव्हाही तो खोटा होता. मोंजियाच्या घरात पाच हा मोजायचा आकडा नव्हता. तो हाताचा पंजा होता, वाईट नजरेच्या तोंडावर धरायचा. मुले किती, कोंबड्या किती, भाकऱ्या किती, कोणी विचारले की पाच म्हणायचे आणि विषय बदलायचा. तीन म्हणावे तर ती बढाई झाली, ऐकणारे काय फक्त सिहेमच असते? आणि आठ म्हणावे तर ज्याला बोलवायचे नाही त्याला नावाने हाक मारण्यासारखे. म्हणून पाच. हे तिने ठरवून केले नव्हते. तोंडातून तेच येई. आणि प्रत्येक पाचाला सिहेम समाधानाने मान हलवी आणि एक दिवसाआड भार वाढवी.

मोंजिया उतरली. सदोकने टॉवेलने मान पुसत विचारले, "काय बहिणी, आज सिसिलीपर्यंत गेलात का?"

"तुम्ही आधी बंदराबाहेर तर पडा," ती म्हणाली, आणि एवढे बोलायला तिला दोनदा थांबावे लागले.

तिची आई शेवटची तीन वर्षे दाराजवळच्या गादीवर बसून होती. निजलेली नव्हे, बसलेली. दोन्ही कोपरे गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत वर, तोंड किंचित उघडे. आडवे झाले की छातीवर कोणी बसते असे ती म्हणे. नमाजही तिथेच, जेवणही तिथेच, आणि एके दिवशी दुपारी मरणही तिथेच, बसल्या बसल्या. कोणाच्या लक्षात यायला वेळ लागला. आईनेही तबूनाच केला होता जन्मभर. वर्षभरापूर्वी मोंजियाने रात्री पाठीशी तिसरी उशी घेतली तेव्हा तिने कोणाला सांगितले नाही, पण दुसऱ्या दिवशी आपणहून दवाखान्यात गेली. तिला मरणाची भीती होती असे नाही. त्या गादीची होती.

आणि सायकलने काहीतरी होत होते, हेही खरे. तिसरी उशी परत कपाटात गेली होती. नळापासून स्वयंपाकघरापर्यंत बादली नेताना मधे टेकायला लागत नव्हते. कपडे सैल झाले. ही गोष्ट तिने स्वतःशीही मोठ्याने म्हटली नव्हती. ती म्हटली शेजारच्या वसीलाने, भिंतीवरून डोके काढून, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"अगं मोंजिया! कंबर दिसायला लागली की तुझी! नवरा बघतेस की काय?"

आणि हसत हसत डोके खाली घेतले. तबारकल्ला म्हटले नाही. कोणाच्या चांगल्यावर बोट ठेवायचे आणि वर देवाचे नाव घ्यायचे नाही, असे महदियात लहान पोरही करत नाही.

दलेंदा अंगणात भाकरी थापत होती. तिने डोके तबून्यातून वर काढले, भिंतीकडे पाहिले, मग मोंजियाकडे पाहिले.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर दलेंदा मोंजियाच्या खोलीत आली ती हातात मातीची शेगडी घेऊन. निखारे फुललेले होते. पदराच्या गाठीत लोबान, हरमलचे दाणे, ऊद, चिमूटभर मीठ आणि तुरटीचा खडा. तिने पायाने दार लोटले, कडी लावली, मग खिडकी लावली.

मोंजिया पलंगावर बसली होती. सकाळच्या सायकलीने ती दमली होती. त्या दिवशी भार पुन्हा वाढला होता.

"दार कशाला लावता, लाल्ला?" थोरल्या नणंदेला ती मानाने लाल्ला म्हणे.

"मग काय गल्लीला धुरी देऊ? गल्लीला नजर लागलीय का?"

"तसं नाही. धुरानं मला—"

"धुरानं तुला काही होत नाही. धुरात जन्म गेला तुझा. तुला झालंय ते त्या वसीलाच्या डोळ्यानं. आरशात बघ जरा. हाडं वर आली."

हाडे वर आली नव्हती. मोंजिया अजूनही दारातून थोडी तिरकी होऊन जात असे. पण दलेंदाच्या आवाजात जी धास्ती होती ती खरी होती. तिने आपल्या भावाला असाच महिन्याभरात वाळताना पाहिला होता. तो मोंजियाचा नवरा. धुरीला नको म्हणणे म्हणजे तुमचा हात वाईट आहे म्हणणे. आणि मोंजियाला स्वतःला वसीलाचे ते बोलणे दोन दिवस टोचत होते. नजर लागलेली असली तर? ती पलंगाच्या कडेला सरकली.

दलेंदाने निखाऱ्यांवर सगळे टाकले. हरमल तडतडले. पांढरा, दाट धूर उठला. शेगडी तिने मोंजियाच्या डोक्यावरून फिरवायला सुरुवात केली, ओठांतल्या ओठांत नाव घेत. ज्यांची ज्यांची नजर असेल त्यांची, वसीलाचे दोनदा.

पहिल्या फेरीत मोंजियाने श्वास रोखून धरला. तिसऱ्या फेरीत तो सुटला.

मग जे झाले ते सायकलवरच्यासारखे नव्हते. सायकलवर हवा हळू का होईना, येत-जात असे. आता घशाच्या खाली कोणीतरी पिशवीचे तोंड दोरीने आवळावे तसे झाले. तिने दाराकडे हात केला. दलेंदाला वाटले नजर उतरते आहे.

"येऊ दे, येऊ दे बाहेर," ती म्हणाली. "बघ, तुरटी फुगली! डोळा दिसतोय बघ त्यात!"

मोंजियाला डोळा दिसला नाही. तिला दाराची कडी दिसत होती, आणि ती लांब लांब जात होती. ओठ शिळीसारखे करायचे हे तिला आठवत होते, पण ओठ तिचे ऐकत नव्हते. ती उठली, गुडघ्यांवर पडली, आणि तिच्या छातीतून जो आवाज निघाला तो ऐकून दलेंदाच्या हातातली शेगडी खाली पडली आणि फुटली.

पुढचे तिला तुटक तुटक आठवते. दलेंदाच्या मुलाची मासे वाहायची पिकअप. खिडकीबाहेर बंदर, उलटे पळणारे. दलेंदाचा हात तिच्या पाठीवर, एकसारखा चोळणारा. इस्पितळात तोंडावर मास्क आला, त्यातून थंड, कडवट वाफ आली, आणि बऱ्याच वेळाने पिशवीचे तोंड थोडे सैल झाले.

"काय करत होत्या त्या, हे सुरू झालं तेव्हा?" ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने विचारले.

"सायकल," दलेंदा म्हणाली.

"सायकल?"

"इथेच, तुमच्याच इथे. बसवतात सायकलवर, या वयात, एवढ्या शरीराला. सर्कस आहे का ही? आज सकाळीही बसवली. बघा काय करून ठेवलं."

डॉक्टरने मोंजियाकडे पाहिले. तिने मास्कमधून बोलण्यासाठी बोट वर केले. दलेंदाचे डोळे लाल होते, धुराने आणि रडून, आणि तिच्या बोटांना शेगडीच्या ठिकऱ्यांनी भाजल्याचे डाग होते. मोंजियाने बोट खाली घेतले.

मोंजियाला रात्रीच घरी सोडले. शनिवारी सकाळी सिहेमचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"खाल्ती, मी कागद बघितला. व्यायामामुळे अटॅक आला असं लिहिलंय त्यात. खरं आहे का?"

दलेंदा शेजारी बसून मलूखियाची, वाळवलेल्या पाल्याची, पूड चाळत होती.

"सोमवारी या. सायकलसाठी नाही, बोलायला. मोठे डॉक्टर असतील. सायकलनंच झालं असेल तर ते थांबवणार, आणि मी तुमची जागा पुढच्याला देणार. बाहेर लोक थांबलेत. पण सायकलनं नसेल झालं तर मला ते कळायला हवं. मला घाबरून चुकीचा निर्णय घ्यायचा नाही, खाल्ती. मी पण घाबरलेय."

फोन ठेवल्यावर दलेंदा म्हणाली, "बरं झालं. सुटलीस."

त्या दिवशी मोंजिया हलली नाही. संडासापर्यंत जायचे म्हणजे अंगण ओलांडायचे, आणि अंगणात तबूना होता. राख थंड होती, तरी तिला वास येत होता. दोन पावले टाकली की ती थांबून छातीचा आवाज ऐके. तो ऐकताना श्वास भरभर होई, आणि श्वास भरभर झाला की तिला वाटे, आले, पुन्हा आले. म्हणून ती बसून राही. सायकलनेच झाले असेल का? सकाळी भार वाढला होता, दुपारी हे झाले. धूर तर आयुष्यभर होता, मग कालच का? दलेंदा म्हणते ते खरे असेल का? तिला माहीत होते की ते खरे नाही. पण भीतीला ते माहीत नव्हते.

रविवारी दुपारी दलेंदा जवाचे सूप घेऊन आली आणि दारातच थबकली.

"काय झालं?" मोंजियाने विचारले.

"काही नाही. अशी बसू नकोस."

"कशी?"

मोंजियाने खाली पाहिले. तिची दोन्ही कोपरे गुडघ्यांवर होती. खांदे कानांशी. ती दाराजवळच्या गादीवर बसली होती, कारण दाराजवळ हवा असते.

ती ताडकन उठली. एवढ्या झटक्यात उठली की तिला भिंत धरावी लागली. श्वास मोजत, ओठ शिळीसारखे करत, ती तशीच उभी राहिली. दलेंदा वाटी धरून उभी होती.

"लाल्ला," मोंजिया म्हणाली. "सायकलनं नाही झालं."

"मग कशानं झालं?"

"तुम्हाला माहीत आहे."

सूप हिंदकळले. "म्हणजे मी केलं. बोल ना. मी गळा दाबला तुझा."

"तसं नाही म्हटलं."

"म्हटलंस. तुझ्या बाळंतपणात मी धुरी दिली. तुझा नवरा गेला तेव्हा घर मी धुरीनं धुऊन काढलं. तेव्हा नाही गुदमरलीस ती! आता दवाखान्यातली पोरगी शहाणी झाली आणि माझा हात वाईट झाला."

"हात चांगला आहे. छाती वाईट आहे. आईची झाली होती तशी."

त्या गादीवरच्या बाईला दलेंदानेही पाहिले होते. शेवटच्या दिवशी पाणी तिनेच पाजले होते.

"मला त्या गादीवर नाही बसायचं," मोंजिया म्हणाली. "आणि सायकलचीही भीती वाटते. दोन्हींची वाटते. तुम्ही डॉक्टरला सायकल म्हणालात, मी गप्प बसले. उद्या मी खरं सांगणार. तुम्हाला वाईट वाटलं तरी."

"आणि वसीलाची नजर? ती काय दवाखान्यात उतरवतात?"

खरे तर नजर उतरायला मोंजियालाही हवी होती.

दलेंदाने वाटी खाली ठेवली. "सूप गार होतंय," ती म्हणाली आणि निघून गेली. संध्याकाळी ती आली नाही. तिच्या बाजूच्या खिडकीत दिवा लागला, पण आवाज नाही.

सोमवारी सकाळी मोंजिया सफसारी घेऊन बाहेर पडली तेव्हा दलेंदा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. हातात टोपली, वर ओला कपडा.

"शिळीचे ओठ कर," ती म्हणाली. "बसपर्यंत चालायचंय."

खोलीत मोठे डॉक्टर होते, सिहेम होती, आणि आपल्या सायकलवर सदोक होता, ज्याला कोणी बाहेर जायला सांगितले नव्हते आणि जो गेलाही नसता.

"बोला, खाल्ती," सिहेम म्हणाली.

मोंजियाने तोंड उघडले. श्वास अडला.

"धूर," दलेंदा म्हणाली. "धुरी दिली मी. दार लावून. सायकल म्हटलं ते खोटं म्हटलं." ती डॉक्टरकडे न बघता बोलत होती. "आता ओरडायचं असेल तर मला ओरडा. तिला बसवा."

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी मोंजियाची छाती तपासली, दोन प्रश्न विचारले, आणि सिहेमला म्हणाले, "चालू ठेवा. पण भार खाली आणा. अगदी सुरुवातीचा." ते गेले.

मोंजिया सायकलकडे बघत उभी राहिली. शुक्रवारी सकाळी ती इथेच होती. पाय उचलेना.

"थांब," दलेंदा म्हणाली. तिने टोपलीवरचा कपडा बाजूला केला, आतून चिंधीत बांधलेले काहीतरी काढले आणि सायकलच्या हँडलला गाठ मारून बांधले. खोलीत समुद्राचा वास पसरला.

"हे काय, खाल्ती?" सिहेम म्हणाली.

"माशाचं शेपूट. नजरेला मासा चालतो. याला धूर येत नाही."

"वास येतो!"

"वासानं छाती भरते का?"

सदोकने पेडल थांबवून मान पुढे केली. "बोरी मासा आहे," तो म्हणाला. "आजचाच. या शेपटावर तुम्ही माल्टापर्यंत जाल, बहिणी."

मोंजिया चढली. चिमटा बोटाला लागला. पेडल हलके होते, रिकाम्या बादलीसारखे, तरी पहिल्या फेरीलाच छाती धडधडायला लागली. तिला शेगडी दिसली, कडी दिसली. तिने डोळे उघडे ठेवले.

"किती?"

"पाच."

सिहेमने बटणाकडे हात नेला आणि मधेच थांबली. तिने तक्त्याकडे पाहिले, शेपटाकडे पाहिले, मग मोंजियाच्या मानेच्या ताठ शिरांकडे.

"खाल्ती," ती सावकाश म्हणाली, "तुम्हाला मुलं किती?"

"पाच," मोंजिया म्हणाली.

"एक मुलगी आहे हिला," दलेंदा म्हणाली. "स्फाक्सला दिलीय."

सिहेम स्टुलावर बसली. "माझी आजी अशीच म्हणायची," ती म्हणाली. "सगळं पाच. आणि मी तुमच्या पाचावर भार वाढवत गेले." तिचा चेहरा उतरला होता. मग ती उठली, भिंतीवरचा तक्ता काढला आणि मोंजियाच्या पुढ्यात हँडलवर टेकवला, शेपटाशेजारी. "आता बोलायचं नाही. आकडाही नाही. चेहऱ्यावर बोट ठेवा. बोट कोणाला ऐकू जातंय?"

मोंजियाने बोट उचलले. ते हवेत बराच वेळ राहिले. मग ते सातवर टेकले.

"थांबू?"

तिने मान हलवून नाही म्हटले.

"हे धापेचं सात आहे की भीतीचं?"

मोंजियाने यंत्राकडे पाहिले, पहिल्यांदा. ऑक्सिजनचा आकडा उतरला नव्हता. तिने विचार केला.

"भीतीचं," ती म्हणाली.

"मग ओठ," सिहेम म्हणाली. भार होता तिथेच ठेवला. काही वेळाने बोट सहावर आले आणि सत्र संपेपर्यंत सहावरच राहिले.

निघताना सिहेमने दलेंदाला दारात गाठले. "घरात तबूना पेटतो अजून?"

"पेटतो. गल्ली काय खाणार?"

"आणि पेटतो तेव्हा या कुठे असतात?"

दलेंदाने टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि चालायला लागली.

मंगळवारी सकाळी अंगणात धूर नव्हता. मोंजियाला जाग आली ती वसीलाच्या आवाजाने.

"दलेंदा! भाकरी?"

"नाही. आज पाव घे दुकानातला."

"आजारी आहेस का?"

"ठणठणीत आहे. आता भाकरी सोमवार, बुधवार, शुक्रवार. मोंजिया सायकलवर असेल तेव्हा. ती परत येईपर्यंत धूर विरलेला पाहिजे. अकराच्या आत घेऊन जायची."

"असं कुठे असतं का? तिनं दांडी मारली तर?"

"तर तुलाही भाकरी नाही. मला काय विचारतेस? तिला विचार." मग जरा थांबून, "आणि काहीही म्हणालीस तरी वर देवाचं नाव घे. तोंड आहे ना?"

"तबारकल्ला, बाई, तबारकल्ला," वसीला म्हणाली आणि डोके खाली घेतले.

मोंजिया पलंगावर बसून ऐकत होती. पाठीशी दोन उशा. उद्या जायचे नाही, असे तिने पहाटेच स्वतःशी ठरवले होते. एक दिवस, फक्त एकच, छाती शांत होईपर्यंत. आता तेही राहिले नाही. उद्या ती घरी राहिली तर गल्लीत कोणाच्याच घरी भाकरी नसेल, आणि का नाही ते वसीला सगळ्यांना सांगेल. तिने ओठ शिळीसारखे केले.

"लाल्ला!" तिने खिडकीतून हाक मारली. "मला विचारायचं तरी होतं!"

"तू मला विचारून गुदमरली होतीस का?" अंगणातून उत्तर आले.

उद्या बुधवार. दलेंदा ही दोन वर्षे सहाला तबूना पेटवत आली. उद्या तो साडेआठला पेटेल, मोंजिया बससाठी गल्लीच्या तोंडाशी वळल्यावर. इस्पितळातली सायकल नऊला सुरू होते.